टाकी त्यांची

अंदमानला डायव्हिंगला जायचं होतं. पाण्याखाली श्वास घ्यायला रेग्युलेटर हवा. तो हवेच्या टाकीला आट्यांनी बसणारा घ्यावा की क्लॅम्पचा, यावर माझं अडलं होतं. जालन्याच्या एमआयडीसीत गॅसकटरचे रेग्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला विचारलं. त्यानं समुद्र पाहिला नव्हता. रोलिंग मिलच्या खडखडाटात तो डोळे मिटून, जोडाला कान लावून गळती शोधत होता.

“आट्यांचा पक्का बसतो म्हणतात,” मी म्हणालो.

“बराबर. पन तिथल्या टाक्या कशा हायेत?”

“बहुतेक क्लॅम्पच्या.”

“मंग क्लॅम्पचाच घ्या. टाकी त्यांची हाय, दम तुमचा हाय.”

मी तिथं पाहुणा असणार, हे माझ्याआधी त्याला सुचलं होतं.

बोटीवर मी क्लॅम्प घट्ट आवळला, टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि डोळे मिटून जोडाला कान लावला. डायव्हिंग शिकवणारा हसला. मी डोळे उघडले नाहीत.