लाकडात उतरलेला जिल्हा

मशीन टेम्पोतून उतरवायलाच अर्धी सकाळ गेली. आमच्या कोपरगावात कारखाना म्हटलं की माणसांना साखर कारखानाच आठवतो, म्हणून आम्ही आमच्या सुतारकामाच्या जागेला नुसतं शेड म्हणतो. वर पत्रा, दोन बाजूंनी विटांच्या भिंती, मागे सागाच्या फळ्यांची थप्पी. तिथे माझा नवरा बरीच वर्षं दारं, चौकटी, कपाटं करत आला होता. मी लग्नाआधी छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायचे. म्हणून हे मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "लाकडाचं मी बघतो. त्या मशीनच्या डोक्यात काय घालायचं ते तू बघ."

सीएनसी राउटर म्हणजे काय हे मला तोवर मोबाईलवरच्या चित्रांतूनच माहीत होतं. एक भलंमोठं लोखंडी टेबल, त्यावर रुळांवरून पुढेमागे सरकणारा आडवा पूल, आणि त्या पुलावर डावी-उजवीकडे, वर-खाली फिरणारी मोटर. मोटरीच्या तोंडात बोटाएवढं पातं, त्याला बिट म्हणतात. कॉम्प्युटर सांगेल तिथे ते बिट जातं आणि लाकूड कोरतं. एवढंच. पण प्रत्यक्ष ते शेडमध्ये उभं राहिलं तेव्हा आम्ही दोघंही त्याच्यापासून जरा लांबच थांबलो होतो.

ते बसवायला नगरहून एक वयस्क फिटर आले होते. हळू बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी मशीनकडे न बघता आधी आमची जमीन बघितली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून आम्ही मुद्दाम खोल खोदून नवीन कोबा करून घेतला होता. त्यावर त्यांनी पायाची टाच आपटून पाहिली, मान हलवली आणि मग लेव्हलची पट्टी काढली. टेबलाच्या एकेका पायाखालचा बोल्ट ते पावपाव फेरा फिरवत, लांब जाऊन बघत, परत येत. मग त्यांनी टेप लावून टेबलाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, नंतर दुसऱ्या दोन कोपऱ्यांचं.

नवरा एकदम खूश झाला. "आमी पन चौकट अशीच बघतो! दोन्ही कर्न सारखे आले की काटकोन बरोबर."

"मग तुम्हाला अर्धं मशीन आत्ताच कळलं," फिटर म्हणाले.

अर्थिंग तपासून झालं. बिटची मोटर गरम होऊ नये म्हणून तिच्याभोवती पाणी फिरतं, त्या पाण्याची टाकी भरून झाली. मला वाटलं, आता चालू करतील. पण त्यांनी मला बोलावून टेबलाच्या कडेचं मोठं लाल बटण दाखवलं.

"ताई, हे दाबा."

"पण मशीन तर बंदच आहे."

"तरी दाबा. डोळे मिटून दाबा. डावा हात, उजवा हात, मागून, पुढून. चालू करायला कुणीही शिकतं. तुम्ही आधी बंद करायला शिका."

मी दाबलं. मग नवऱ्यानं दाबलं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे डोळे मिटून मशीनभोवती फिरत बटण शोधत होतो, आणि फिटर गंभीर चेहऱ्यानं बघत होते. नंतर त्यांनी बाकीचं सांगितलं. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारं झाकण. भुसा ओढणारं यंत्र आधी चालू. टाकीतलं पाणी फिरतंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. ओढणी नको, बांगड्या नकोत, मंगळसूत्र कपड्याच्या आत, केस बांधलेले.

"हातमोजे तरी घालू ना?" मी विचारलं.

"अजिबात नाही. मोज्याचा एक धागा बिटला लागला तर मोजा हाताला घेऊन जातो."

नवऱ्यानं डावा हात खिशात घातला. त्याच्या तर्जनीचं पुढचं पेर नाही. आमच्या लग्नाआधीच गोल करवतीत गेलंय. संध्याकाळी मी बघितलं तर तो पिवळ्या रंगाचा डबा घेऊन जमिनीवर बसला होता आणि मशीनभोवती जाड रेघ मारत होता. मशीन चालू असताना ह्या रेघेच्या आत कुणी यायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

पण त्याआधी, फिटर जायच्या आधी, त्यांनी एक गोष्ट केली. बिटच्या जागी साधी पेन्सिल अडकवली, टेबलावर कागद चिकटवला आणि मला कॉम्प्युटरवर एक वर्तुळ काढायला सांगितलं. मी काढलं. त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदाला जेमतेम टेकेल एवढं खाली आणलं. ती उंची म्हणजे मशीनचं शून्य, असं समजावलं. मग पूल हलला. पेन्सिल निघाली आणि गोल फिरून जिथून निघाली होती तिथे परत आली.

नवरा वाकला. त्यानं नखानं त्या रेघेवरून जोड शोधायचा प्रयत्न केला. रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळत नव्हतं. जन्मभर कंपासनं, दोऱ्यानं, खिळ्यानं वर्तुळं काढलेला माणूस तो. बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, "लई साफ हाय." माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. मी नुसतं बोटानं कीबोर्डवरचं एक बटण दाबलं होतं.

पहिले काही आठवडे आम्ही देव्हाऱ्यांच्या जाळ्या, दारांच्या पट्ट्या असली कामं केली. दिवाळी जवळ आली आणि नवऱ्याचा पुणतांब्याचा बालमित्र सुट्टीला गावी आला. तो लहानपणापासून दृष्टिहीन आहे. जिल्ह्यातल्याच एका अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकवतो. मशीनचं ऐकून तो मुद्दाम बघायला आला. बघायला, असंच तो म्हणतो. मी मेन स्विच बंद केला आणि त्याला टेबलापाशी नेलं. रूळ, पूल, मोटर, बटणं, सगळ्यांवरून त्यानं हात फिरवला. मग थांबून म्हणाला,

"वहिनी, ह्याच्यावर डोंगर करता येतील?"

"कसला डोंगर, भाऊजी?"

"सगळेच. आपला जिल्हा. मी पोरांना शिकवतो, पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला गोदावरी. पोरं पाठ करतात. मीही असंच पाठ केलं होतं. पण हाताला कधी लागला नाही."

त्या दिवसापासून मी दुसरं काही केलं नाही. उपग्रहांनी मोजलेली जमिनीची उंची इंटरनेटवर कुणालाही मिळते, हे मला तेव्हाच कळलं. ती उतरवून घेणं, जिल्ह्याच्या हद्दीनं कापणं, मशीनला कळेल अशा वाटांमध्ये बदलणं, ह्यात दिवस कसे गेले ते समजलं नाही. फिटरना फोन करकरून मी भंडावून सोडलं. खऱ्या मापानं केलं असतं तर कळसूबाईचं शिखर बोटाच्या पेराएवढंही उठलं नसतं, म्हणून सगळी उंची वाढवून घेतली. नवऱ्यानं साग निवडला, चार फळ्या जोडून एक रुंद फळी केली, रंधा मारून गुळगुळीत केली.

आम्ही आधी हवेत चालवून बघितलं. म्हणजे बिट फळीच्या वरच्या वर फिरतं, लाकडाला लागत नाही; फळी आवळून धरणारे क्लॅम्प वाटेत येत नाहीत ना ते कळतं. काही आलं नाही वाटेत. मग खरं काम सुरू केलं. तास दोन तास सगळं ठीक चाललं होतं. आणि अचानक आवाज बदलला. एकसारख्या घरघरीत खडखड ऐकू येऊ लागली. एका कोपऱ्यातला क्लॅम्प सैल झाला होता आणि फळी तिथे उचलली जात होती. मला दिसलं, आणि माझा हात आपोआप फळी दाबून धरायला पुढे गेला.

"हात नको! बटन!" नवरा ओरडला.

त्याचा तसा आवाज मी संसारात कधी ऐकला नव्हता. मी लाल बटण दाबलं. कडकन काहीतरी मोडलं आणि मोटर गप होत गेली.

श्रीगोंद्याच्या जागी खोल खड्डा पडला होता. बिट मोडलं होतं आणि त्याचा तुकडा भिंतीला टेकलेल्या प्लायवूडमध्ये जाऊन रुतला होता. नवऱ्यानं तो पक्कडीनं ओढून काढला. तुकडा केवढासा, पण काढताना त्याला जोर लावावा लागला. मग तो खाली बसला. मीही पिवळ्या रेघेवर त्याच्या शेजारी बसले. त्यानं माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि तसाच धरून ठेवला.

मी फिटरना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. "फळी गेली, बिट गेलं. बोटं आहेत ना? मग काहीच गेलं नाही, ताई. पुढच्या वेळी कडेनं स्क्रू मारून फळी टेबलाला पक्की करा. आणि एका दमात एवढं खोल जाऊ नका."

दुसरी फळी जोडायला, वाळायला वेळ लागला. ती लावली तेव्हा नवऱ्यानं प्रत्येक स्क्रू स्वतः आवळला आणि मी परत आवळला. मित्रालाही बोलावलं होतं. पिवळ्या रेघेच्या बाहेर त्याच्यासाठी खुर्ची टाकली. जाड बिटनं वरवरचं लाकूड काढून झाल्यावर शेवटचा, बारीक बिटचा फेरा पश्चिमेकडून सुरू झाला. उत्तर-दक्षिण असं जात येत बिट जरा जरा पूर्वेला सरकत होतं आणि मी मोठ्यानं सांगत होते.

"आता अकोले. सगळे डोंगरच डोंगर आहेत."

"प्रवरा आली का?"

"निघाली, भाऊजी. दोन डोंगरांच्या मधून निघाली."

मी ते नुसतं सांगत नव्हते. मला ते दिसत होतं. बिटच्या मागे लाकडाचा भुसा उडून यंत्रात जाई आणि खाली कडे, दऱ्या, सुळके उरत. सकाळी सपाट असलेल्या फळीत जणू ते आधीपासूनच होते आणि मशीन फक्त वरचं पांघरूण काढत होतं. संगमनेरपाशी डोंगर बसके होत गेले. मग वरच्या कडेला गोदावरीची खाच उमटली.

"आपली शेड कुठं आली?" नवऱ्यानं विचारलं.

मी बोट दाखवलं. बिट नेमकं तिथूनच जात होतं. ज्या जागेवर आम्ही तिघं आणि हे मशीन होतो, ती जागा आमच्यासमोर लाकडात उतरत होती. क्षणभर मला पायाखालची जमीन वेगळी वाटली. नवऱ्यानं कानांवरचं झाकण नीट केलं.

कोरून झालं. मी मोटर थांबवली, पूल मागे नेला, मेन स्विच बंद केला, भुसा ओढून घेतला. मगच मित्राला आत आणलं. त्यानं दोन्ही तळवे फळीवर ठेवले. आधी कडेकडेनं गेला. मग डाव्या बाजूला बोटं वर चढली आणि थबकली.

"एवढं सगळं ह्या एकाच बाजूला?" तो म्हणाला. "आणि बाकी जिल्हा असा पसरलेला?"

मग त्याला नदी सापडली. त्यानं ती वरपासून धरली आणि बोट तिच्यातून सोडलं. पुणतांब्यापाशी मी त्याचं बोट थांबवलं.

"हिच्यात मी पोहलोय," तो म्हणाला. "वळते हे माहीत होतं मला. केवढी वळते ते नव्हतं माहीत."

नवऱ्यानं नंतर प्रत्येक तालुक्याच्या गावाला गोल डोक्याचा एकेक बारीक पितळी खिळा ठोकला. हलक्या हातानं, एका वेळी एक. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही तो नकाशा टेम्पोत गादीवर ठेवून शाळेत नेला. मुलांच्या उंचीचं टेबल मित्रानं तयारच ठेवलं होतं. बघता बघता त्याच्यावर हातच हात झाले. मुलं एकमेकांच्या बोटांवरून बोटं सरकवत होती, आपापलं गाव मागत होती. कुणीतरी कळसूबाईवर तळवा ठेवून "मी वर पोचलो!" म्हणून ओरडलं.

एक मुलगी मात्र शेवटपर्यंत थांबली. आठ-नऊ वर्षांची असेल. तिनं मला विचारलं, "पाथर्डी कुठंय?"

मी तिचं बोट त्या खिळ्यावर ठेवलं. आजूबाजूच्या टेकड्या तिनं चाचपून घेतल्या. मग म्हणाली, "आन् कोपरगाव?"

मी तिचा दुसरा हात उचलून वर कोपरगावच्या खिळ्यावर ठेवला. ती तशीच दोन्ही हात ताणून उभी राहिली. मग पाथर्डीवर अंगठा रोवून तिनं वीत टाकली, पुन्हा टाकली, आणि तिसऱ्या वितीला कोपरगावला पोचली.

"माझी आई हितं ऊसतोडीला गेलीय," ती म्हणाली. "एवढ्या लांब."

"मी तिथलीच आहे," मी म्हटलं.

तिनं हात वर केला, माझा हात शोधला आणि तो कोपरगावच्या खिळ्यावर आणून ठेवला. मग पाथर्डीपासून पुन्हा वीत टाकायला लागली, माझ्याकडे येत.