काळी जीप आणि परण्या

सुदर्शन राहायचा मुकुंदवाडीत, नोकरी वाळूजच्या कंपनीत. पण देवगाव रंगारीच्या गावकऱ्यांच्या लेखी तो फक्त जीपवाला होता. गावात लग्न असलं की नवरदेवाला जानवशावरून मारुतीच्या पाया पडायला न्यायचं, म्हणजे परण्या काढायचा, तो सुदर्शनच्याच जीपमधून. दणकट इंजिन, रुंद टायर आणि वेग बँडवाल्यांच्या चपलांचा. पाच वर्षं क्लच दाबून दाबून त्याची पोटरी कामातून गेली, आणि बॉनेटवरचा चिकटपट्टीचा डिंक खरवडता खरवडता दरवर्षीचा मे महिना सरायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, सगळी भावकीच.

मोकळ्या रस्त्यावर एकदा तरी गाडी मनसोक्त पळवावी, एवढीच त्याची हौस. ती काही पुरी होईना. शेवटी त्यानं याचं खापर इंजिनावर फोडलं. जुनी जीप एक्स्चेंजला दिली आणि तीच, पण दीडपट ताकदीची, बिनक्लचची काळी जीप बुक केली.

"एवढी भारी गाडी मागायला कोणाची जीभ रेटायची नाय," तो बायकोला म्हणाला. राजनंदिनीनं पोळी लाटता लाटता नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

दीड महिन्यानं गाडी आली, तशी गावाहून आईचा, वच्छलाबाईंचा फोन. "गावच्या मारुतीपुढं नारळ फुटल्याबिगर पळवायची नाय."

झालं. हार घेतला, लिंबं घेतली, बायकोला शेजारी बसवलं आणि रविवारी पन्नासच्या वर न जाता सुदर्शन गावात पोचला. घरी फ्रिजवर आठवडाभर एक लग्नपत्रिका पडून होती, तिची तारीख तेवढी त्यानं वाचली नव्हती. मारुतीपुढं भावकीतले अप्पाराव फेटा बांधून उभे.

"आलास? मी म्हणलंच व्हतं, सुदर्शन ऐनवेळी दगा द्यायचा नाय."

"अप्पा, मी पूजेला आलोय."

"व्हय, मग उरक की. नवरदेव जानवशावर खोळंबलाय. नवी गाडी, नवा नवरदेव, लई शोभंल."

नारळ फुटला. नारळाचं पाणी वाळायच्या आत बॉनेटवर चिकटपट्टीनं झेंडूच्या माळा चढल्या. जानवशावरून निघताना मागं नवरदेव, त्याच्या मांडीवर दोन भाचरं, पुढं बँड. काटा शून्यावरून हलेना. सुदर्शनला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. आपल्या मूर्खपणाला काय म्हणावं, हे त्याला कळत नव्हतं.

डांबरी रस्ता ओलांडायच्या आधी परण्या थांबला, आणि समोरून एक जीप सुसाट निघून गेली. शंभराच्या खाली नक्कीच नव्हती. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'वच्छलाबाईंची कृपा'. ते सुदर्शननंच जुन्या जीपवर हौसेनं लिहून घेतलं होतं; नव्या मालकानं पुसलं नव्हतं.

राजनंदिनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"पळते की हो चांगली," ती म्हणाली.

पुढून बँडवाल्यानं हात केला. सुदर्शननं ब्रेक सोडला आणि गाडी चार पावलं पुढं सरकली.