नवमीची बंदूक

त्र्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं आन् नामपल्लीच्या नागोरावांची वॉचमनकी गेली. आबिड्सच्या नव्या फायनान्स कंपनीला घरची बंदूक असलेला माणूस पाहिजे होता. दसऱ्याच्या सकाळी कंपनीचे साहेब नागोरावांची बंदूक तपासणार होते. खंडेनवमीला त्यांच्या बायकोनं, त्रिवेणीबाईनं ती पुजली. ओली हळद खटक्यात आन् दोन्ही नळ्यांत उतरली. नागोरावांनी बंदूक उचलायला हात घातला.

"पुजलेलं हत्यार उद्यापस्तोर हलवू नाई," बाई म्हणाली.

"गंज चढला तर नोकरी गेली. मंग पुढल्या साली काय पुजशील, ही परेशानी?"

ती उठली आन् जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. त्यांनी नळ्या पुसल्या, खटक्याला पातळ तेल सोडलं, बंदूक परत पाटावर ठेवली.

"कुंकू लावू का?"

"लाव. कोरडं. लाकडालाच."