पारबताबाई आणि भिंतीवरचा बाबू

स्वयंपाकघरातल्या भिंतीशी रोज सकाळी रीतसर भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लाखनीत आमच्या घराशेजारी लांजेवार काकू राहत आणि पारबताबाई त्यांच्याकडे राहून काम करीत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यापासून काकूंच्या घराची मागची खोली हेच बाईंचे बिऱ्हाड होते. अंगण झाडणे, काकूंना न्हाऊ घालून त्यांची वेणी घालणे, धुणी, भांडी, स्वयंपाक आणि या सर्वांवर कळस म्हणून मालकिणीस रागावणे, अशी त्यांची दिनचर्या होती.

यजमान गेल्यापासून काकूंची अन्नावरची वासना उडाली होती. पोटात चार घास गेले नाहीत तर हा जीव फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. त्याच सुमारास काकूंचे चिरंजीव विनोदराव पुण्याहून आले व फ्रीजच्या वर भिंतीवर आवाजही टिपणारा कॅमेरा बसवून गेले. हेतू उघड होता: बाईंवर नजर ठेवणे. अर्ज लिहिणे हाच माझा व्यवसाय असल्याने तक्रारीचा मसुदा माझ्या मनात तयारही झाला होता. परंतु बाई म्हणाल्या, "राहू द्या जी. आजपावतो माह्या कामाले साक्षीदार नव्हता, आता भेटला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या साक्षीदारास धारेवर धरले.

"पाहून राहिला का रे बाबू? तुही माय लाखोरीची डाळ तशीच ठेवून राहिली. आन् परवा फोन कायले नाही केला? मोबाईलमधी रेती भरली का?" मग काकूंकडे वळून, "पाहा, पोरगा डोळे वटारून राहिला. खा लवकर!"

काकू लाजून पदर सारखा करीत आणि घास घेत.

अखेर विनोदरावांनीच मला फोन केला. "काका, बाई दिवसभर मलाच झापतात. ऑफिसात लोक हसतात. मी तो कॅमेरा बंद करून टाकलाय."

ही बाब संबंधितांस कळवणे मला कर्तव्य वाटले. मी गेलो तेव्हा बाई परसात भांडी घासत होत्या. यथोचित प्रस्तावना करून मी म्हणालो, "बाई, तो कॅमेरा आता बंद आहे."

"हळू बोला जी!" राखेने भरलेला हात त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला. "त्याची लाल बत्ती बुजली तवाच समजलं मले."

"मग रोज बोलता कोणाशी?"

"म्हातारीशी. पोरगा पाहून राहिला म्हटलं का घास उतरते तिच्या गळ्याखाली. तुमाले सांगाचंच असन तिले, त उद्यापासून तुमीच भरवा."

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आलं गं पारबते?"

"अर्जीवाले भाऊ आले जी! बाबूले नमस्कार कराले!"

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन भिंतीसमोर उभे केले. काकू ताटापुढे बसल्या होत्या. अन्नाला हात लागलेला नव्हता. मी सदऱ्याची कॉलर नीट केली, हात जोडले आणि त्या बंद यंत्रास उद्देशून म्हणालो, "विनोदराव, इकडील सर्व कुशल आहे."

"आणखी बोला," बाई कुजबुजल्या.

मी यंदाच्या धानाची हकिकत सांगू लागलो. ती संपवून शेजारपाजारच्या लग्नांकडे वळलो. ऐकता ऐकता काकूंनी वरण कालवले, दोन घास घेतले आणि ताट पुढे सरकवले.

"पारबते, थोडा भात वाढ," त्या म्हणाल्या.