श्रीखंडाच्या डब्यातले पाच

काका गुरुवारी कुठेही जात नसत. लग्न असो, मुंज असो, शेजारच्यांची साठीशांत असो, गुरुवार म्हटला की काकांचा नकार ठरलेला. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांचा समज होता की काकांचा दत्ताचा गुरुवार फार कडक आहे. मी यवतमाळहून नोकरीसाठी आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले, तेव्हा पहिल्याच गुरुवारी रजा होती म्हणून पेढे घेऊन खाली गेले. काका एका पलंगाएवढ्या लांब काचेच्या टाकीपुढे बसून, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी उडवायच्या बाटलीने आतल्या झाडांवर फवारा मारत होते. पेढ्यांकडे पाहून म्हणाले, "ठेवा तिकडे. देव आतल्या खोलीत आहेत. इथे फक्त नेचे आहेत."

खरी गोष्ट अशी की गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जायची. वीज गेली की टाकीतला पंप बंद, छोटा धबधबा बंद, वरचा पंखा बंद, आणि काकांनी महिनोन्महिने खपून तयार केलेलं आतलं दमट रान कोरडं पडायला लागायचं. मग काका हाताने फवारे मारत, आणि उन्हाळ्यात फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीवरच्या जाळीवर मांडत. दत्ताचा गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही. "बेडकांसाठी घरी बसतो म्हटलं तर लोक हसतील. दत्तासाठी म्हटलं की नमस्कार करतात," असं त्यांचं म्हणणं.

बेडूक तेव्हा आलेही नव्हते. टाकीत तळाशी विटांचे तुकडे, त्यावर डासांची जाळी, त्यावर नारळाचा भुसा, मग शेवाळ, नेचे, एक वाकडं लाकूड, आणि एका बाजूला वीतभर खोल पाणी. त्या पाण्यात काकांचे लाडके गप्पी मासे. येणारा-जाणारा विचारायचा, "यात काय ठेवलंय?" काका म्हणायचे, "सध्या शांतता." सहा महिने ती टाकी तशीच ठेवली. घर आधी नांदतं झालं पाहिजे, झाडांनी मुळं धरली पाहिजेत, मग राहायला येणारे. यावर ते ठाम होते. रस्त्यावरून जंगली बदामाची वाळलेली पानं पिशवीत भरून आणायचे, धुऊन, उकळून टाकीत अंथरायचे. महापालिकेची झाडणारी बाई त्यांना पाहून झाडू बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, तुमचं झालं की मी करते."

काकांनी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायकाची नोकरी केली होती. विद्यार्थ्यांना चिरायला बेडूक मांडून देणं हे त्यांचं काम. मी एकदा आगाऊपणे विचारलं, "काका, हे प्रायश्चित्त आहे का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "प्रायश्चित्त बिश्चित्त काही नाही. उघडलेला बेडूक मला पाठ आहे. बंद बेडूक बघायचा राहून गेला."

अखेर बेडूक आले. अंगठ्याएवढे दोन, दक्षिण अमेरिकेतल्या जातीचे पण जन्माने पिंजऱ्यातलेच, निळेशार, अंगावर काळे ठिपके. पाहुण्यांना काका आधी त्यांची रीतसर कागदपत्रं दाखवायचे, मग बेडूक. काकूंनी ही जात मुळात विषारी असते हे कुठेतरी वाचलं होतं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. काका बाहेरून समजावत होते, "अगं, यांचं विष तिकडच्या मुंग्या खाऊन तयार होतं. इथे खाणार काय, केळ्यावरच्या माश्या. आपल्या घरात विष फक्त बोलण्यात." आतून काकू म्हणाल्या, "मग तुम्हालाच ठेवा टाकीत."

हिंजवडीला जायला मला कंपनीच्या बसने जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास लागायचे. काका म्हणायचे, "यवतमाळ, तू राहतेस बसमध्ये. आमच्याकडे फक्त कपडे ठेवतेस." पण रोज घरी आले की मी आधी टाकीपुढे बसायचे. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाला त्या ओल्या हिरव्याकडे पाहून किती बरं वाटतं, ते मी सांगू शकत नाही. काका शेजारी खुर्ची टाकून माहिती देत बसायचे आणि मी काही बोलले की पहिल्याच वाक्याला टोकायचे.

मादीने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. या जातीत बाप अंडी ओली ठेवतो आणि पिल्लं बाहेर आली की पाठीवर घेऊन पाण्यात सोडतो. त्याने नेमाने नेऊन सोडली, आणि काकांच्या लाडक्या गप्पींनी एकेक करून गिळली. तीस वर्षं प्राणिशास्त्रात काढलेल्या माणसाला मासे काय खातात हे सुचलं नव्हतं! काका दोन दिवस पाण्यात वाकून एखादं पिल्लू उरलंय का ते शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी मासे एका ओळखीच्या शाळेला देऊन आले.

दुसऱ्या खेपेची अंडी फुटायला आली आणि नेमकं त्याच सुमारास काका-काकूंच्या अमेरिकेतल्या मुलीचं बाळंतपण आलं. दोघांची तिकिटं आली होती. काका म्हणाले, "तू पुढे हो. मी नंतर येतो." काकूंनी वाद घातला नाही, अबोला धरला. सकाळी त्या टाकीजवळून हाताने पदर सावरत जात होत्या तेवढ्यात थबकल्या. निळा बेडूक पाठीवर काळं, शेवाळाच्या चिमटीएवढं पिल्लू घेऊन लाकडावरून जपून उतरत होता. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग काकांकडे न वळताच म्हणाल्या, "हा बेडूक आहे. तरी निघालाय. तुमचं काय ते बघा."

काका त्याच दिवशी बॅग भरायला बसले.

जाण्याआधी त्यांनी या खेपेची पाचही पिल्लं पाच वेगवेगळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवली, कारण एकत्र ठेवली तर ती एकमेकांना कुरतडतात. प्रत्येक डब्यात थोडं पाणी आणि बदामाचं एक पान. डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, काकूंच्या परवानगीने. मला म्हणाले, "पाच देऊन चाललोय." विमानतळावर जाणाऱ्या गाडीत बसल्यावरही काच खाली करून म्हणाले, "गुरुवार!"

मी ऑफिसात गुरुवारी घरून, लॅपटॉपच्या बॅटरीवर होईल तेवढं, काम मागितलं. तेव्हा तशी पद्धत नव्हती. मॅनेजरने विचारलं, "फास्ट असतो का?" मी हो म्हटलं. दर गुरुवारी रात्री काकांचा फोन यायचा. नातीचं कौतुक दोन वाक्यांत संपवून विचारायचे, "पाचही?" मी म्हणायचे, "पाचही." मागचे पाय आले, पुढचे आले, शेपट्या आखूड झाल्या, हे सगळं मी त्यांना सांगत असे आणि ते पलीकडे लहान मुलासारखे खूश होत.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आमचं काम ग्राहकाच्या हाती द्यायचं होतं. मला जावंच लागलं. एकच दिवस, असं मनाशी म्हणत गेले. परतले तेव्हा काठावरच्या डब्यावर पश्चिमेचं ऊन येऊन गेलेलं होतं. पाणी कोमट लागलं. पाचवा तळाशी आडवा पडला होता. मी ओट्याशी उभी राहून रडले. फोन आला. "पाचही?" मी म्हटलं, "पाचही." त्यानंतर चार महिने, दर आठवड्याला, मी तेच म्हणत राहिले. बाकीचे चार बाहेर आले, निळे झाले, त्यांना मी एका छोट्या टाकीत ठेवलं. पण आनंद असा धड झालाच नाही.

काका-काकू परतले ते दुपारी. काका सामान मोजत दारातच थांबले. काकू मात्र चपलांसकट आत आल्या, छोट्या टाकीत डोकावल्या आणि बोटाने मोजू लागल्या. "चारच? पाचवा कुठे लपलाय?"

मी सगळं सांगितलं. ऑफिस, ऊन, कोमट पाणी, आणि चार महिने बोललेलं खोटं. काका बॅग हातात धरून ऐकत होते. आता ते असं काही बोलतील की मला आजच खोली सोडून जावं लागेल, असं वाटून मी खाली पाहत राहिले. त्यांच्या जिभेची धार मी ओळखून होते.

काकांनी बॅग खाली ठेवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. म्हणाले, "हे सांगायला चार महिने लागले तुला. फार ओझं वाहिलंस." मग टाकीपुढची स्वतःची खुर्ची उचलून माझ्यासमोर ठेवली. त्या खुर्चीवर आजवर त्यांनी काकूंनाही बसू दिलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले, आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसले. "शेपूट कधी गेली, पहिला बाहेर कसा आला, सगळं सांग. मी नव्हतो."

मी सांगायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली, काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला, आणि काकांनी मला एकदाही मध्ये टोकलं नाही.