माझी तीन अक्षरं

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर एक बढाई मारत आला आहे: बेळगावला बस स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात सगळ्यात वर त्याच्या नावाची तीन अक्षरं झळकायची. झळकायची, खरंच. पण खेळायचे मी. क्लासहून येताना मी दुकानात शिरायचे आणि तो माझं दप्तर धरून दाराशी पहारा द्यायचा. उच्चांक झाला की मशीन तीन इंग्रजी अक्षरं मागायचं. मी त्याची द्यायचे. माझी दिसली असती तर गल्लीभर बोभाटा झाला असता आणि बाबांनी माझा क्लासच बंद केला असता. पुढे भाऊ खरंच विसरला की सोयीने विसरला, देव जाणे.

परवा रविवारी त्याच्याकडे जे. पी. नगरला जेवायला गेले, तर भाचीने तोच खेळ घरच्या लॅपटॉपवर आणलेला. जोडायला दांडी आणि लाल बटणंसुद्धा. "बाबा, चॅम्पियन ना तुम्ही? दाखवा!" भाऊ चष्मा शोधायला लागला.

"दे इकडे," मी म्हटलं. "चॅम्पियन मी होते." दोघंही हसले. मला ते हसणं झोंबलं.

चित्र हुबेहूब होतं. वरून झुंडीने उतरणारी तीच अंतराळयानं, तोच कर्कश आवाज. पण सोफ्यावर बसून खेळले आणि सपाटून मार खाल्ला. पुन्हा खाल्ला.

"हे बसणंच चुकतंय," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाऊ म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या रागातच लक्षात आलं, अंगण खरंच वाकडं होतं! दुकानात मी उभ्याने खेळायचे. मशीनला कंबर टेकली की सगळं अंग खेळायचं. खेळ घरी आला होता, ते उभं राहणं दुकानातच राहिलं होतं.

मी लॅपटॉप उचलला, स्वयंपाकघरात नेला, मिक्सर बाजूला सारून ओट्यावर मांडला.

"किचनमध्ये? सरी, आत्या, तुमची मर्जी," भाची कानडी मिसळून म्हणाली.

ओट्याला कंबर टेकली आणि हात आपसूक चालायला लागले. कुठलं यान कुठून येणार हे मनगटाला आधी कळत होतं. कुकरच्या शिट्ट्या होत गेल्या, गॅस कुणी बंद केला मला ठाऊक नाही. असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. खेळ संपला तेव्हा मी सगळ्यात वर होते आणि पडदा तीन अक्षरं मागत होता.

"अक्का, माझी घाल की!" भाऊ मागून ओरडला. "बाबांना कळलं तर?"

बोलून गेला आणि जीभ चावली. भाची त्याच्याकडे बघतच राहिली.

मी सावकाश तीन अक्षरं टाकली, माझी. मग बाहेरच्या भिंतीवरच्या, हार घातलेल्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून त्याला म्हटलं, "जा, सांग त्यांना."