चौथ्यांदा माती भाजायला निघालो होतो

मंडळी, आज थकलोय.

आमच्या गेकोच्या, म्हणजे पाळलेल्या ठिपकेदार पालीच्या काचपेटीतल्या मातीत मोहरीहून बारीक पांढरे किडे झाले होते. पाळायचं शास्त्र मी स्वतः वाचून शिकलोय, त्यामुळे हलगर्जीपणा खपत नाही. पंधरा दिवसांत तीनदा सगळी माती काढली, चाळली, कढईत भाजली. किडे परत आले. गेकोने मात्र खाणंच सोडलं. जाडजूड शेपटी काडी होत चालली.

आज सकाळी पुन्हा कढई घेतली, तर बायकोने ती हातातून काढूनच घेतली.

"कढीपत्त्याच्या कुंडीत असेच किडे हायत की! मेला का कढीपत्ता? तिचं घर तुम्हीच मोडून राहिलात, दर चार दिवसाला. मी बी जेवले नसते!"

भिंगातून पाहिलं. ओल्या मातीत उड्या मारणारे, बुरशी खाणारे, निरुपद्रवी किडे. हे मीच पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं.

दिवसभर पेटीला हात लावला नाही. दिवेलागणीला गेको बाहेर आली आणि मी पुढे धरलेली एक अळी तिने खाल्ली. तिच्या पायाशी दोन किडे उडाले. माझ्या हातात चिमटा होता, तो खाली ठेवला.

तुम्हाला जमतं का हो, नुसतं बघत बसणं?